बाजीरावांचा निरोप

सुरतेत प्लेग आला तेव्हा पांडेसऱ्याच्या कामगार मनोरंजन केंद्राचे जुने व्यवस्थापक जे पळाले ते थेट भुसावळला जाऊन थांबले, आणि तिथून त्यांनी कळवून टाकलं की झालं एवढं मनोरंजन पुरे. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. गणपती बुडाले आणि पाठोपाठ अर्धं पांडेसरा गाठोडी घेऊन खानदेशच्या गाड्यांना लोंबकळलं होतं. फरक एवढाच, की दिवाळीनंतर पोटाने बाकीच्यांना कान धरून परत आणलं आणि व्यवस्थापकांचे कान तेवढे सुटले.

त्या रिकाम्या खुर्चीत वाल्मिक येऊन बसला. हा धरणगावकडचा, मराठी घेऊन बी. ए. झालेला. ‘यंदा अनुदान नक्की’ असं दर जूनला सांगणाऱ्या एका शाळेत त्याने वर्षानुवर्षं फुकट व्याकरण शिकवलं होतं. लग्न झालं होतं, पण बायको वृषाली माहेरीच होती. “जागा झाली की न्या, आम्ही काय हाकलतोय थोडंच,” असं सासरे म्हणायचे. हाकलत नव्हते हे खरं, पण भेटले की हे सांगायला विसरतही नव्हते. शेवटी वाल्मिकच्या थोरल्या बहिणीने, काशीबाईने, आपल्या नवऱ्याच्या मागे लकडा लावला. ज्या कापड मिलचं हे केंद्र, तिच्याच रंगखात्यातले बाजीराव जुने कामगार. वरच्या लोकांत त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांनी शब्द टाकला आणि मेहुण्याला नोकरी लागली.

केंद्राला लोक ‘हॉल’ म्हणत. पत्र्याचं छप्पर, दोन कॅरम, शिलाई मशिनी, भजनाचा साज आणि लोखंडी पिंजऱ्यात कुलूपबंद टीव्ही. मागे व्यवस्थापकासाठी एक खोली आणि स्वयंपाकघर. त्या स्वयंपाकघरात नळ होता. वाल्मिकने नळ सोडून बघितला, पाणी आलं, आणि गड्याच्या डोळ्यांतही आलं. त्याच दुपारी त्याने वृषालीला पत्र टाकलं, की संक्रांतीच्या आत न्यायला नाही जमलं तर भावाला घेऊन तूच ये, आपल्याला क्वार्टर आहे.

क्वार्टर होतं, पण ते मिलचं होतं, आणि मिलचं म्हणजे धनसुखभाईंचं. धनसुखभाई मिलचे कामगार अधिकारी. बोलणं साखरेत घोळलेलं, तोंडात सदैव सुपारी. हा माणूस रागावलेला कुणी पाहिला नव्हता, आणि म्हणूनच सगळे त्याला घाबरत. पहिल्याच दिवशी त्यांनी वाल्मिकला शेजारी बसवून घेतलं, चहा पाजला आणि विचारलं, “हॉल चलाववो एटले शुं?” वाल्मिकने शिक्षकी थाटात सांस्कृतिक विकास, आरोग्य वगैरे सांगायला घेतलं. धनसुखभाईंनी ते प्रेमाने ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आंख-कान उघाडा राखवाना. बस.”

टेबलावर काळा फोन होता. त्याच्या तबकडीला छोटं कुलूप, आणि किल्ली धनसुखभाईंच्या खिशात. म्हणजे फोन यायचा, करता यायचा नाही. रोज दिवेलागणीला तो वाजायचा. कोण आलं, कोण कुणाशी बोललं, काय बोललं. वाल्मिकला पहिल्या दिवशी वाटलं, साहेबांना केंद्रात किती रस आहे. दुसऱ्या दिवशी कळलं की रस कशात आहे. तिसऱ्या दिवशी तो कॅरममध्ये कोण जिंकलं हे सांगू लागला. बौद्ध वस्तीतला प्रदीप हटकून जिंकायचा, त्यामुळे त्या पोराच्या राणीबद्दल धनसुखभाईंना जेवढी माहिती होती तेवढी त्याच्या आईलाही नसेल. न सांगता बोलत राहणं ही एक कला आहे, आणि वाल्मिक ती रोज संध्याकाळी घामाघूम होऊन शिकत होता. फोनच्या वेळी त्याला हॉलमध्ये असावंच लागे. तापी त्याने येताना गाडीतून पाहिली तेवढीच.

बरं, काम तरी सुखाचं म्हणावं, तर तेही नाही. मिलचे मालक शेठ, त्यांचा हुकूम होता, हिवाळाभर कार्यक्रम ठेवा, प्लेगला पळालेला माणूस परत गावाकडे बघता कामा नये. वाल्मिकने झटून बेत आखला. कॅरमची स्पर्धा, भजन, शिवणवर्ग, भरिताची पंगत, उत्तरायणाला पतंग. संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवतो म्हणाला, तर शिवणवर्गाच्या बौद्ध बायांनी मशिनीवरून मानच वर केली नाही. त्याने नाव बदलून ‘तिळगूळ समारंभ’ केलं, तर दुसऱ्या बायांनी नाक मुरडलं. हे सगळं निभावलं असतं. न निभावणारी गोष्ट अशी, की कामगारांना वेळच नव्हता. पाळी बारा तासांची, रविवारसुद्धा. माणसं हौसेने हॉलमध्ये यायची आणि स्ट्रायकर बोटात धरून पेंगायची. भजनाला बसलेला टाळकरी दुसऱ्या अभंगाला घोरायचा. जगात कामगारांना झोपवण्यासाठी एवढं मोठं केंद्र बांधणारे शेठ एकटेच असतील.

एका संध्याकाळी बाजीराव सतरंजीवर पाय पसरून बसले होते. समोर दोघेजण कॅरमवर डोकं ठेवून निजलेले. ते बघून बाजीराव म्हणाले, “शेठने हॉल तर बांधला. आता त्यात बसायला एक रविवार बांधून दिला की झालं.” सगळे हसले. वाल्मिकही हसला.

त्या दिवशी फोन आला तेव्हा सांगायला काही उरलं नव्हतं. कॅरम कुणी खेळलंच नव्हतं. पलीकडे धनसुखभाई गप्प राहून वाट बघत होते, आणि गप्प राहण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्या शांततेला घाबरून वाल्मिकने तो विनोद सांगून टाकला. विनोद म्हणूनच सांगितला, स्वतः हसत. धनसुखभाईही हसले. “बो सरस,” म्हणाले. “कोण बोल्युं?” आणि वाल्मिकने आपल्याच दाजींचं नाव कौतुकाने घेतलं.

दोन दिवसांनी बाजीरावांना मिलच्या दारात अडवलं. गेटबंद. कारण कुणी सांगितलं नाही, साहेब सांगतील तेव्हा या म्हणाले. कारण एकट्या वाल्मिकला ठाऊक होतं, आणि ते त्याच्या छातीत माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं.

काशीबाई हॉलवर आली. भावाची खुर्ची, टेबल, फोन हे सगळं तिने पदराने पुसून काढलं, इतका तिला त्याचा अभिमान. मग म्हणाली, “भाऊ, तू सायेबले सांग ना. तुले मानतस त्या. नोकरी गयी ते खोली जाई. खोली गयी ते आम्ही कथा जाऊत?”

“सांगतो, अक्का,” वाल्मिक म्हणाला. हे सगळं माझ्याच तोंडून झालं, असं म्हणायला तोंड उघडलं होतं, पण तिने डोक्यावरून हात फिरवला आणि ते उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

धनसुखभाई हॉल बघायला आले तेव्हा त्याने त्यांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. बाजीराव सरळ माणूस आहे, थट्टा होती, घरात माझी बहीण आहे. धनसुखभाईंनी सुपारी या गालातून त्या गालात नेली. “जोउं छुं. शेठने वात करीश. फोन करीश,” म्हणाले. शेठशी बोलून बघतील, मग कळवतील. म्हणजे आता फोनची वाट बघायची. आजवर तो वाजू नये म्हणून वाल्मिक देवाला हात जोडायचा, आता वाजावा म्हणून जोडायला लागला.

इथे जरा वाल्मिकच्या विद्वत्तेबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. गुजराती त्याला येत नव्हती, पण व्याकरणाच्या मास्तरने भाषा ऐकली की तो नियम काढणारच. आठवडाभरातच त्याने शोध लावला होता, की सुरती माणसाच्या तोंडात ‘ळ’ टिकत नाही, त्याचा ‘ल’ होतो. होळीची होली, केळ्यांची केलां, मिळायचं ते मलायचं. वाल्मिकला हे इतकं आवडलं की कुणी सुरती काही बोललं की तो मनातल्या मनात ‘ल’चा ‘ळ’ करून बघायचा, आणि पुष्कळदा अर्थ लागायचाही. अर्धवट लागू पडणाऱ्या नियमासारखी घातक चीज दुसरी नाही. साफ चुकणाऱ्या नियमावर माणूस निदान विसंबत तरी नाही.

भरिताच्या पंगतीचा दिवस उजाडला. त्या संध्याकाळी मिलमधली एक पाळी तासभर आधी सोडली होती, खास शेठच्या हुकमाने. वांगी खानदेशातून मागवलेली, हिरवी, हातभर. भाजायला गावाकडे कापसाच्या पऱ्हाट्या असतात, इथे कापडाच्या खोक्यांच्या फळ्या जाळल्या. सुपडू आचारी त्यावर कुरकुरत होता, की या धुराला वास नाही. पण वांग्याची साल करपली, लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचायला सुरुवात झाली, आणि सगळ्यांची नाकं गावाला पोचली. थंडी म्हणण्यासारखी नव्हतीच, तरी लोकांनी हौसेने मफलर बांधले होते. बाजीराव एका कोपऱ्यात कांद्याची पात चिरत बसले होते. गेटबंद माणसाशी बोलावं की नाही हे न कळल्याने लोक त्यांना फक्त मीठ-मिरचीबद्दल विचारत होते.

फोन वाजला. वाल्मिक धावला. बाहेर ढोलकी, आत बडगीचे दणके, आणि तारेत खरखर. त्यातून धनसुखभाईंचा आवाज आला, “बाजीरावने काले सवारे...” मधला एक शब्द बडगीत ठेचला गेला, “...मोकलो, एटले वात पूरी.”

“काय? हां जी? साहेब?”

“मोकलो, मोकलो. वात पूरी,” म्हणाले आणि फोन ठेवला.

वाल्मिकच्या डोक्यात नियम आपणहून चालू झाला. मोकलो, म्हणजे मोकळो, म्हणजे मोकळा. बाजीरावला उद्या सकाळी मोकळा केला, विषय संपला. उलट फोन करून खात्री करावी तर तबकडीला कुलूप. आणि खात्री करायची होती कुणाला? छातीतला काटा निघाला होता. त्याने हॉलमध्ये जाऊन ढोलकीवर हात ठेवला आणि मोठ्याने सांगितलं, “दाजी, साहेबांचा फोन होता. उद्या सकाळपासून तुम्ही मोकळे. विषय संपला.”

हाच शब्द त्याने जसाच्या तसा आणला असता, तर हॉलमधल्या शेंबड्या पोरानेही त्याला अर्थ सांगितला असता. बाजीरावांची तर सुरतेत उमर गेली होती. पण वाल्मिक पडला पदवीधर. त्याने निरोप भाषांतर करून आणला.

मग काय, सगळा हॉल बाजीरावांच्या गळ्यात पडला. काशीबाईने भरिताचा पहिला घास भावाच्या तोंडात घातला, नवऱ्याच्या नव्हे. बाजीरावांनी पात चिरायची सुरी खाली ठेवली आणि उभे राहिले. जिंकलेला माणूस जसा बोलतो तसे बोलले. शेठ आपल्यासारखाच माणूस आहे, म्हणाले, चूक कळली की मागे घेतो. मग जे मी एकट्याने थट्टेत म्हटलं ते आपण सगळे मिळून सरळ मागू. रविवारची पाळी आठ तासांची. ज्यांना पटतं त्यांनी हात वर करावे. भरिताचे, तेलाचे, मिठाचे हात वर झाले. प्रदीपचाही झाला. वाल्मिकला त्या घडीला आपण खरोखर कुठल्या तरी केंद्राचे व्यवस्थापक आहोत असं वाटलं.

सकाळी बाजीराव डबा घेऊन मिलच्या गेटवर गेले. पहारेकऱ्याने अडवलं. बाजीराव म्हणाले, साहेबांनी मोकळं केलंय. पहारेकरी म्हणाला, माझ्याकडे तसा हुकूम नाही. मागे पाळीची माणसं उभी होती, आणि रात्रीचं भरीत अजून अंगात होतं. शब्द फिरवला, शब्द फिरवला, अशी ओरड झाली. बाजीराव आत जात नाहीत तोवर कुणी जायचं नाही, असं ठरायला कितीसा वेळ लागतो? मशिनींत रात्रपाळीचं कापड तसंच राहिलं, रंग डागळला, आणि गेटवर पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली.

आणि तिकडे रिंगरोडच्या मार्केटमधल्या पेढीवर खुद्द शेठ दोन कप चहा मागवून बाजीरावांची वाट बघत बसले होते.

हे धनसुखभाईंनी वाल्मिकला सांगितलं, दुपारी, हॉलचं दार आतून लावून. आज त्यांच्या तोंडात सुपारी नव्हती. शेठला त्यांनीच कसंबसं राजी केलं होतं. बाजीराव पेढीवर येणार, दोन शब्द माफीचे बोलणार, शेठ चहा पाजणार, संपलं. तेवढ्यासाठी तर त्यांनी फोनवर पेढीचं सांगितलं होतं.

“पण तुम्ही मोकळा म्हणालात,” वाल्मिक म्हणाला.

“मोकलो,” धनसुखभाई हळूहळू म्हणाले. “मोकलो एटले भेजो. पाठवा, पाठवा तुमच्या भाषेत.”

वाल्मिकने तो शब्द स्वतःशीच म्हणून बघितला, आधी ‘ल’ने, मग ‘ळ’ने. इतकी वर्षं पोरांना शुद्धलेखन शिकवलं, आणि एका अक्षराने दाजींचं घर बुडवलं. म्हणाला, मी शेठना सांगतो, चूक माझी आहे, दाजींना निरोप मिळालाच नाही.

“बेसी जा,” धनसुखभाई म्हणाले आणि त्याला खांदा धरून खाली बसवलं. मग ते साध्या, थकलेल्या हिंदीत बोलायला लागले, आणि वाल्मिकला पहिल्यांदाच दिसलं की हा माणूसही कुणाला तरी घाबरतो. शेठचा माल बिघडला. तो कुणाच्या तरी नावावर पडणार. शेठला कळलं की अधिकाऱ्याने फोनवर धड निरोप दिला नाही आणि व्यवस्थापकाला धड ऐकता आला नाही, तर संध्याकाळच्या आत दोघं रस्त्यावर. बाजीराव तर तसाही गेलाच समज. शेठ उत्तरायणाला पतंग वाटायला येतील तेव्हा तुला विचारतील, निरोप दिला होता का. तू हो म्हण. निरोप दिला, तो गेला नाही. तुझी बायको यायची आहे ना?

हे त्यांना कसं कळलं, हे विचारण्यात अर्थ नव्हता. हॉलच्या पत्त्यावर येणारं प्रत्येक पत्र गेटवरून यायचं.

वृषाली उत्तरायणाच्या आदल्या दिवशी आली. भावाने ट्रंक उतरवली, चहा घेतला आणि परतीची गाडी पकडली, जणू बहिणीचं मन बदलायच्या आत निघालेलं बरं. तिने नळ सोडला, बंद केला, परत सोडला. मग पदर खोचून सगळं स्वयंपाकघर धुऊन काढलं, फळीवर डबे मांडले, रिकामेसुद्धा. “इथून आता कुणी हलवणार नाही ना आपल्याला?” तिने पाठमोरी राहून विचारलं. वाल्मिक म्हणाला, “छे.” ती गाणं गुणगुणायला लागली आणि वाल्मिक बाहेर येऊन पिंजऱ्यातल्या बंद टीव्हीसमोर बसला. दाराला कडी नव्हती, गेट उघडं होतं, आणि तरी त्याला उठून कुठे जाता येत नव्हतं.

संध्याकाळी बाजीराव आले. वाल्मिकने त्यांना शब्दाची सगळी हकीकत सांगितली. विनोदाची सांगितली नाही, तेवढा धीर नव्हता. बाजीराव मेहुण्याशी मुद्दाम पुस्तकी मराठीत बोलायचे. आजही तसेच बोलले. “मास्तर, शब्द आला तसाच माझ्यापर्यंत आणायचा होता. हमाल काय गाठोडं सोडून बघतो?” मग त्यांना स्वतःशीच हसू आलं, खरोखरचं. “मोकलो म्हणे मोकळा. रंगखात्यात सांगितलं तर लोक आठवडाभर हसतील.” हसून झाल्यावर ते जवळ सरकले. “शेठला एवढंच सांगा. ऐकण्यात चूक झाली, बाजीरावला निरोप पोचला नाही. शेठ अडाणी नाही. मी माफी मागायला तयार आहे, पाय धरायलाही तयार आहे. पण बोलावलं आणि गेलो नाही, असा डाग नको. त्यावर मला या भागात कुठलीच मिल उभी करणार नाही.”

“सांगतो, दाजी.”

“तुमचं काही बिघडेल का?”

“नाही, नाही,” वाल्मिक म्हणाला. आणि दोन बोलण्यांपैकी कुठलं खोटं आहे, हे त्याचं त्यालाच कळेनासं झालं.

उत्तरायणाला सुरतेत घरात कुणी नसतं, सगळं शहर छपरावर. हॉलच्या पत्र्यावर चढायला बंदी होती, म्हणून पोरं अंगणातच मांजा ताणत होती. शेठ दुपारी आले. माणूस खरंच वाईट नव्हता. पोरांच्या गालाला हात लावत त्यांनी पतंग वाटले, तिळाची चिक्की वाटली, एका पोराची फिरकी धरून उभे राहिले. धनसुखभाई त्यांच्या मागे सावलीसारखे. दाराशी बाजीराव धुतलेला सदरा घालून उभे होते, बाजूला काशीबाई, डोक्यावर पदर, नजर भावावर. मागच्या दारात चहाचा ट्रे धरून वृषाली. सगळी माणसं अशी उभी राहिली होती की वाल्मिकने कुठेही बघितलं तरी कुणीतरी त्याच्याकडे बघत होतं.

शेठनी फिरकी पोराला परत दिली. बाजीरावांना हाताने जवळ बोलावलं आणि वाल्मिककडे वळले. “मास्टर, सच बोलना. उस दिन तुमने इसको बोला था, पेढी पे आने का?”

वर आकाशात कुणाचा तरी पतंग कापला गेला आणि शेजारच्या छपरावर थाळ्या वाजल्या. तो गोंगाट ओसरेपर्यंत सगळे थांबले. वाल्मिकला वाटलं, आता ठरवतो. पण ठरवायचं काही उरलंच नव्हतं. डबे मांडलेली फळी त्याच्या डोळ्यांपुढे होती, वृषालीचे ओले हात होते, सासऱ्यांचं ते प्रेमळ वाक्य होतं. त्याने तोंड उघडलं. जिभेच्या टोकावर काय आलंय हे त्याला स्वच्छ कळलं. ‘बोला था.’ एवढंच. ‘ब’ म्हणायला ओठ मिटावे लागतात, ते मिटले.

समोर बाजीराव त्याच्या त्या मिटलेल्या ओठांकडे बघत होते. माणूस इतकी वर्षं मशिनीच्या काचेतून कापड बघत आला होता, रंग बसायच्या आधी तो कसा बसणार हे ओळखणारा. त्यांनी एकदा मेहुण्याकडे बघितलं, एकदा मागे काशीबाईकडे. तिच्या चेहऱ्यावर भाऊ आता बोलेल म्हणून इतका विश्वास होता, की बघणाऱ्याला लाज वाटावी.

“बोला था, शेठ,” बाजीराव म्हणाले. “इन्होंने तो बोला था. मैंच नहीं आया.”

काशीबाईच्या तोंडून हुंदका निघाला. शेठनी बाजीरावांकडे असं बघितलं, जणू त्यांनाही हे उत्तर नको होतं. मग त्यांनी मान हलवली. धनसुखभाईंनी खिशातून सुपारी काढली. वृषाली चहा घेऊन पुढे आली, शेठनी कप उचलला, आणि ‘नई बहू है क्या’ म्हणून तिला चिक्कीचा पुडा दिला. जाताना धनसुखभाई वाल्मिकच्या कानाशी म्हणाले, की पुढच्या महिन्यापासून तुला कायम करायचं शेठनी ठरवलंय.

दाजींनी हे कुणासाठी केलं, हे वाल्मिकला त्याच क्षणी समजलं होतं. त्याच्या क्वार्टरसाठी नव्हे, नोकरीसाठी नव्हे. काशीबाईच्या कानांवर ते दोन शब्द तिच्या भावाच्या तोंडून पडू नयेत, म्हणून त्यांनी ते स्वतःच्या तोंडाने घेतले. हे समजल्यावर तो एकटा असता तर रडला असता. पण वृषाली आनंदाने पुडा सोडत होती, त्याने तिच्या हातची चिक्की खाल्ली.

खोली सोडायला मिलने पुढचा रविवार दिला. बाजीरावांना इच्छापोरला ठेकेदाराकडे काम मिळालं होतं, माती-सिमेंटचं, आज आहे उद्या नाही असं. टेम्पोत भांडी, गाद्या, पत्र्याची पेटी चढली. वाल्मिक सकाळपासून राबत होता. घामाने निथळला तरी थांबत नव्हता, कारण थांबलं की कुणीतरी बोलेल.

शेवटी बोललीच. काशीबाईने त्याला टेम्पोच्या आडोशाला ओढलं आणि तिच्याजवळचं सगळ्यात मोठं समाधान असावं तशा आवाजात, हळूच म्हणाली, “माले ठाऊक शे भाऊ, तू खरंच सांगणार व्हता. यास्नीच घाई करी.”

वाल्मिकने बहिणीकडे बघितलं. आता बोलायचं असेल तर आताच, आणि अडवणारं कुणी नव्हतं.

“हो, अक्का,” तो म्हणाला.

बाजीराव पलीकडच्या बाजूला सामानावर दोर आवळत होते. त्यांनी ते ऐकलं, गाठ पक्की केली आणि ड्रायव्हरला म्हणाले, चला.